मागं हात जात नाही तेव्हा: घरी बनवलेल्या गाडीत पत्रा कसा बसवायचा

(या भागाचा हा लेखी मजकूर. जे ऐकताना नीट कळणार नाही, ते इथं थोडं उलगडून लिहिलंय.)

आजचा भाग हातकामाचा आहे. मी धाराशिवचा. आमचं काम टेम्पोच्या बॉडीचं, केबिनचं आणि ट्रॉलीच्या फाळक्यांचं. पण दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं आमच्याकडं येतात. स्वतः बनवलेल्या गाडीचा सांगाडा छोटा हत्तीत टाकून आणतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "दादा, आतला पत्रा बसवायचाय, पण मागं हातच जात नाही. नट कसा धरायचा?"

आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पत्रा कशानं बसवायचा हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, मागच्या बाजूला हात जातो की नाही. दोन, तो पत्रा परत कधी उघडायचा. बहुतेक पोरं फक्त पहिला प्रश्न विचारतात. दुसरा प्रश्न गाडी बिघडल्यावर आठवतो, आणि तोपर्यंत पत्रा रिपिटांनी बंद झालेला असतो.

आधी एक ओळखीची गोष्ट. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे गाव तुम्हाला यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून माहीत असेल. त्याच गावातल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातलं सामान जमवून सुमारे ६० हजार रुपयांत एक छोटी जीप बनवली, मुलाच्या हौसेसाठी. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला आणि गाडी देशभर पोचली. त्यांनी त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

या गोष्टीत एक भाग आपण विसरतो. महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळं आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. ते खरंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. नोंदणी झालेल्या गाडीत मनाला येईल तो बदल करायलाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून घरी बनवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढायची नाही. ती चालवायची स्वतःच्या आवारात, कॉलेजच्या मैदानात, किंवा स्पर्धेत.

आणि स्पर्धा आहेत की! बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून चालू आहे. कॉलेजची पोरं एक सीटची, खडबडीत रस्त्यावर पळणारी गाडी स्वतः बनवतात आणि शेवटी ती चार तास सलग पळवतात. चार तास! दगड, खड्डे, चिखल, उड्या. तुमचा पत्रा कसा बसलाय याची परीक्षा तिथं होते. मास्तरांच्या व्हायव्हात कळत नाही ते चार तासांत कळतं.

आता म्हणाल, आतल्या पत्र्याचं एवढं काय घेऊन बसलात? इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन हे महत्त्वाचं. पत्रा तर दिसण्यासाठी.

तसं नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागं जो उभा पत्रा असतो त्याला फायरवॉल म्हणतात. त्याच्या एका बाजूला ड्रायव्हरची पाठ, दुसऱ्या बाजूला तापलेलं इंजिन आणि पेट्रोलची टाकी. बाहाच्या नियमात हा पत्रा धातूचाच लागतो आणि निदान अर्धा मिलिमीटर जाड लागतो. पायाखालचा पत्रा दगड आणि माती अडवतो. बेल्ट किंवा चेनवरचं कव्हर तुटलेला तुकडा अंगावर येऊ देत नाही. म्हणजे हे पत्रे माणूस आणि धोका यांच्या मधल्या भिंती आहेत. भिंत सुटून लोंबकळायला लागली तर ती स्वतःच धोका होते.

मग अडचण कुठं येते? अडचण क्रमात आहे. कारखान्यात गाडी बनते तेव्हा कुठलं भोक कुठं, कुठला क्लिप कधी, हे आधी कागदावर ठरलेलं असतं. आपल्याकडं आधी सांगाडा वेल्ड होतो, मग इंजिन बसतं, मग टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग. आणि स्पर्धेला आठ दिवस उरले की कुणीतरी म्हणतं, "अरे, पत्रे राहिले!" आता इंजिनाच्या आणि पाइपाच्या मध्ये चार बोटांची जागा. तिथं ड्रिल मशीन शिरत नाही, पाना फिरत नाही.

म्हणून पहिला नियम. सांगाडा मोकळा असताना पत्रे बसवून बघा, भोकं पाडून घ्या, मग पत्रे काढून ठेवा. शेवटी फक्त बसवायचं काम राहिलं पाहिजे. आधी फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. तो जागेवर धरून कापा, पाइप जिथं येतो तिथं खाच करा. पुठ्ठा चुकला तर पैसे जात नाहीत. तो बरोबर बसला की मगच पत्र्यावर ठेवून आखा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रोल केजच्या मुख्य पाइपला पत्र्यासाठी भोक पाडायचं नाही. गाडी उलटली तर तोच पाइप तुम्हाला वाचवणार आहे. त्याऐवजी रंग देण्याआधी पाइपावर छोटे कान वेल्ड करून घ्या. कान म्हणजे दीड-दोन मिलिमीटर जाड पट्टीचा अंगठ्याएवढा तुकडा. भोक त्या कानाला पाडायचं. कान कुठल्या तोंडाला लावायचा हे आत्ताच ठरवा: जिथून पाना सरळ जाईल त्या तोंडाला. निम्मी अडचण इथंच सुटते.

आता पत्र्यांचे तीन गट करा. खडूनं पत्र्यावरच आकडा टाका.

गट एक: जो पत्रा गाडी मोडेपर्यंत उघडायचा नाही. गट दोन: जो वर्षातून एक-दोनदा उघडावा लागेल. गट तीन: जो केव्हाही, घाईत, मैदानातसुद्धा उघडावा लागेल. त्याच्यामागं पेट्रोलचा कॉक आहे, बॅटरी आहे, चेन आहे, ब्रेक ऑइलची डबी आहे.

गट एकसाठी पॉप रिव्हेट. आमच्याकडं त्याला रिपीट म्हणतात. हा मागं हात जात नाही अशाच जागेसाठी बनलेला आहे. पुढून भोकात घालायचा, गननं मधली खिळ्यासारखी दांडी ओढायची. दांडीचं डोकं मागच्या बाजूनं नळी फुगवतं, पत्रा आवळला जातो आणि दांडी तटकन तुटते. सगळं काम एका बाजूनं.

पण हिशेब बरोबर पाहिजे. ४ मिलिमीटरच्या रिपिटाला ४.१ चं भोक. ढिलं भोक झालं तर रिपीट फुगतो, पण पकडत नाही. लांबीचा ढोबळ हिशेब असा: दोन्ही पत्र्यांची मिळून जाडी अधिक रिपिटाच्या व्यासाची दीडपट. म्हणजे १ मिलिमीटरचा पत्रा आणि २ मिलिमीटरचा कान असेल तर जाडी ३, त्यात ६ मिळवले की ९. बाजारात ८ किंवा १० चा मिळेल. पाकिटावर तो किती जाडी पकडतो ते लिहिलेलं असतं, त्यात आपले ३ बसतात का बघा आणि तोच घ्या. भोक कडेपासून निदान व्यासाच्या दुप्पट आत घ्या, नाहीतर कड फाटते. इंजिनाजवळ, सायलेन्सरजवळ अ‍ॅल्युमिनियमचा रिपीट नको, लोखंडी किंवा स्टेनलेसचा घ्या.

आणि तुटलेल्या दांड्या मोजा. वीस रिपीट मारले तर वीस दांड्या हातात आल्या पाहिजेत. एक जरी आत पडली तर ती खडखड वाजत राहते, किंवा जाऊन वायरीवर बसते.

गट दोनसाठी रिव्हेट नट. बाहेरून रिपिटासारखाच, पण आत आटे असलेला. एकदा बसला की पत्र्यातच कायमचा नट तयार होतो, आणि मग बोल्ट पुढून लावा, पुढून काढा. याचा इतिहास गमतीचा आहे. १९३० च्या दशकात विमानाच्या पंखांवर बर्फ साचू नये म्हणून रबराच्या पट्ट्या बसवायच्या होत्या. पंखाच्या आत हात जात नव्हता. तेव्हा अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीनं हा नट काढला. म्हणजे तुमची आणि त्या विमानवाल्यांची अडचण एकच होती बघा.

एम ६ च्या रिव्हेट नटाला साधारण ९ मिलिमीटरचं भोक लागतं. त्याची गन महाग वाटत असेल तर देशी पद्धत सांगतो. एक लांब बोल्ट घ्या. त्यावर आधी एक साधा नट चढवा, मग ग्रीस लावलेला वॉशर, मग रिव्हेट नट. हे सगळं भोकात घाला. आता एका पान्यानं बोल्टचं डोकं स्थिर धरा आणि दुसऱ्या पान्यानं तो साधा नट पत्र्याकडं आवळत जा. बोल्ट वर ओढला जातो आणि रिव्हेट नट मागून फुगतो. बोल्ट फिरवायचा नाही, नट फिरवायचा. उलटं केलंत तर रिव्हेट नट भोकातच गोल फिरत बसेल.

रिव्हेट नटाची मुख्य खोड हीच. बोल्ट गंजून अडकला की नट जागेवर फिरतो आणि मागं हात जात नसल्यामुळं धरताही येत नाही. म्हणून बोल्टला थोडं ग्रीस लावा, आणि वेल्डिंगची सोय असेल तिथं कानाच्या मागं आधीच साधा नट वेल्ड करा. तो सगळ्यात भरवशाचा. एखाद्या पत्र्याला मोकळी कड असेल तर क्लिप नट सरकवा. दुचाकीच्या साइड पॅनलला बघितला असेल, स्प्रिंगच्या पट्टीचा असतो. स्वस्त, आणि थोडा इकडंतिकडं सरकतो म्हणून भोकं जुळवायला सोपा.

गट तीनसाठी क्वार्टर टर्न. पाव फेरा दिला की उघडतो, पाव फेरा दिला की बंद. हा विमानांच्या आणि रेसच्या गाड्यांच्या झाकणांना असतो. मिळाला नाही तर पेटीला असतो तसा ओढून लावायचा क्लॅम्प, ज्याला आपण टॉगल क्लॅम्प म्हणतो, तोही चालतो. मात्र धक्क्यानं उघडू नये म्हणून त्याला पिन लावा.

आता सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. पत्र्याच्या शेडचे. सगळ्यात आधी पोरांचा हात त्याच्याकडंच जातो, कारण तो दोन सेकंदात बसतो. पण मागं त्याचं टोक बाहेर येतं, सुईसारखं. ते टोक कुठं असतं? तुमच्या गुडघ्याजवळ, वायरीजवळ, पेट्रोलच्या रबरी नळीजवळ. आणि पातळ पत्र्यात त्याला धरायला एक-दोनच आटे मिळतात. एका सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे बसले की ते आटे झिजतात. शेडला इंजिन नसतं, म्हणून शेडवर तो चालतो.

आता अगदी अडचणीची जागा. एक कड इंजिनामागं आहे, तिथं काहीच शिरत नाही. तिथं बोल्ट लावायचाच नाही! त्या कडेला पाइपावर एक छोटी खाच किंवा यू आकाराची पट्टी वेल्ड करा. पत्र्याची ती कड खाचेत सरकवा आणि अलीकडच्या, हात पोचणाऱ्या कडेला दोन-तीन बोल्ट लावा. मोबाइलच्या मागचं झाकण आठवा, जुन्या फोनचं. एका बाजूला जिभा, दुसऱ्या बाजूला दाब. तीच युक्ती. खाचेत पातळ रबर ठेवलं की वाजत नाही.

बोल्ट लावताना क्रम पाळा. सगळे बोल्ट आधी दोन-तीन आटेच चढवा. मधून सुरू करून बाहेर जा, आणि सगळे जागेवर आले की मगच आवळा. पहिलाच बोल्ट कचकचून आवळला तर पुढची भोकं जुळत नाहीत, मग माणूस रागानं भोक मोठं करतो. एक भोक बरोबर गोल ठेवा आणि बाकीची आधीच थोडी लांबट करा. गरम झाल्यावर पत्रा वाढतो, त्यालाही जागा मिळते.

बारीक युक्त्या सांगतो. वॉशर पडतो? त्याला ग्रीसनं बोल्टला चिकटवा. नट पडतो? पान्याच्या तोंडाला आतून चिकटपट्टीचा तुकडा लावा. काहीतरी खाली पडलंच तर दोरीला बांधलेलं लोहचुंबक, फक्त स्टेनलेसला ते कमीच धरतं. मागचं दिसत नाही? मोबाइलचा कॅमेरा आत सरकवा आणि व्हिडिओ चालू करा. पत्रा बंद करण्याआधी मागच्या नळ्या, वायरी, नट यांचा फोटो काढून ग्रुपवर टाका. सहा महिन्यांनी तो फोटो सोन्याचा वाटेल. ड्रिलसाठी काटकोनात वळणारा अडॅप्टर मिळतो, त्यात आखूड बिट लावा. बिटावर रबरी नळीचा तुकडा चढवून फक्त ५ मिलिमीटर टोक मोकळं ठेवा, म्हणजे ते आत घुसून मागची नळी फोडणार नाही.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका: टाकी गाडीवर असताना ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग काहीही नाही. टाकी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी जास्त घातक, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. बॅटरीची वायर सोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण अडचणीच्या जागेत तोंड ड्रिलच्या अगदी जवळ असतं.

हादऱ्यांचं बघू. पत्रा आणि कान यांच्यामध्ये फोमची किंवा रबराची पट्टी द्या. मोठ्या सपाट पत्र्याला मधून एक घडी किंवा उंचवटा द्या, तो थाळीसारखा वाजणार नाही. नायलॉक नट चांगला, पण त्यातलं नायलॉन साधारण १२० अंशांच्या पुढं टिकत नाही. सायलेन्सरजवळ पूर्ण धातूचा लॉक नट घ्या, आणि फोमऐवजी उष्णता सहन करणारी पट्टी. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला थेट टेकवू नका. पाणी लागलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रंग किंवा पट्टी पाहिजे. वायर जिथून पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, आणि पत्र्याच्या प्रत्येक कडेला कानस मारून वर रबरी बीडिंग.

आता मुद्द्याचं. एका कॉलेजची गाडी आमच्याकडं आली होती. काम इतकं सफाईदार की बघत राहावं. फायरवॉल चारही बाजूंनी रिपिटांनी बंद, एका रेषेत, सारख्या अंतरावर. गाडीला पेट्रोलचा वास येत होता. नळीचा क्लॅम्प ढिला झाला होता, पण तो पत्र्याच्या मागं. एका स्क्रू ड्रायव्हरचं काम. त्यासाठी तीस-चाळीस रिपीट ड्रिलनं उडवायला लागले असते, आणि तेही पेट्रोलच्या वासात ड्रिल चालवून, म्हणजे ते जमणारच नव्हतं. आधी टाकी काढायची, तर टाकीचे बोल्टही त्याच पत्र्यामागं! शेवटी पेट्रोल उपसून, गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून, सकाळी कापरी आणि छिन्नीनं हातानं पत्रा कापला. पोरं हुशार होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच कापलेल्या जागेला झाकण केलं, सहा रिव्हेट नट लावून. त्यानंतर तो क्लॅम्प आवळायला दोन मिनिटं लागायची.

म्हणून पत्रा बसवून झाला की तीन तपासण्या करा. पहिली: ज्यानं पत्रा बसवला नाही अशा पोराला पाना द्या आणि गट दोनचा पत्रा उघडायला सांगा. त्याला जमलं पाहिजे. दुसरी: गट तीनचं झाकण हातमोजे घालून उघडा. मैदानात हातमोजे काढायला वेळ नसतो. तिसरी: ड्रायव्हरला हेल्मेट आणि बेल्टसकट बसवा आणि बाहेर यायला सांगा. बाहात ५ सेकंदांत बाहेर यावं लागतं. त्यात त्याचा कपडा, बूट, कोपर कुठल्या बोल्टला किंवा कडेला अडकतं का बघा. अडकलं तर तो बोल्ट उलट्या दिशेनं लावा, गोल डोकं आत आणि नट बाहेर.

खर्चाचं म्हणाल तर यातलं महागडं काहीच नाही. रिपीट, रिव्हेट नट, फोमची पट्टी, पुठ्ठा. आपल्या भागातली पोरं पुण्याला, चाकणला कामाला जातात. मुलाखतीत कुणी विचारलं की गाडीवर तुम्ही काय केलं, तर "फायरवॉल बसवली" एवढंच सांगू नका. कुठला पत्रा कशानं लावला आणि का, हे सांगा. समोरचा माणूस खुर्चीत पुढं सरकून ऐकेल.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या गाडीचे, ट्रॅक्टरच्या केबिनचे, नाहीतर बाबांच्या टेम्पोचे पत्रे बघा आणि खडूनं एक, दोन, तीन आकडे टाका. कुठला तीन नंबरचा पत्रा रिपिटांनी बंद सापडला तर आम्हाला व्हॉइस मेसेज करा. पुढच्या भागात वायरिंगचं बघू: हादरणाऱ्या गाडीत वायर कुठून न्यायची आणि कुठं बांधायची. तोपर्यंत टाकी काढा, चष्मा लावा, मगच ड्रिल हातात घ्या. भेटूच. राम राम!